बाळंतपणाची तयारी: दिवस राहण्याआधीपासून सव्वा महिन्यापर्यंत

आपल्याकडे बाळंतपणाची तयारी म्हटली की डिंक, खारीक, खोबरं, बाळंतशेपा यांची यादी आधी निघते. निघू द्या. पण ज्या घरात बाळ-बाळंतिणीच्या जिवावर बेततं, तिथे लाडू कमी पडलेले नसतात. रात्री कुठल्या दवाखान्यात जायचं हे ठरलेलं नसतं, गाडी कुणाची सांगायची हे माहीत नसतं, आणि अंगात रक्त कमी आहे हे आठव्या महिन्यात कळतं. म्हणून इथे भर आधी ठरवून ठेवायच्या गोष्टींवर आहे. सासूबाईंनी, आईनं आणि नवऱ्यानंही वाचावं, कारण यातले निम्मे निर्णय पोटुशी बाई एकटी घेतच नाही.

मूल हवं असं ठरलं की

लग्न झालं की वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे, ही घाई आधी बाजूला ठेवा. मराठवाड्यात मुलींची लग्नं आजही लवकर होतात. विशीच्या आतलं बाळंतपण आई आणि बाळ दोघांनाही जड जातं. सासरी हे सुनेनं सांगणं अवघड असतं, नवऱ्यानं सांगितलं तर ऐकलं जातं.

मूल हवं असं ठरलं की फॉलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू करा. दिवस राहण्याआधी दोन-तीन महिने घेतली तर उत्तम. बाळाचा मेंदू आणि मणका जिथून तयार होतो ती नळी पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते. तोवर कित्येकींना पाळी चुकल्याचंही नीट कळलेलं नसतं, त्यामुळे नंतर सुरू केलेली गोळी या कामाला उशिराच पोचते. आधीचं मूल मणक्याच्या दोषाचं झालं असेल तर डोस बराच जास्त लागतो, तो डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

याच काळात एकदा रक्त, साखर, रक्तदाब आणि थायरॉइड तपासा. फिट्स, थायरॉइड किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनानं बंद करू नका. दिवस राहण्याआधी डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. आणि मिश्री सोडा. मिश्री म्हणजे तंबाखूच, दातांना लावली तरी रक्तात जाते आणि बाळाचं वजन कमी करते. नवऱ्याची बिडी-सिगारेटही घराबाहेर गेली पाहिजे.

किनवट-माहूरसारख्या आदिवासी पट्ट्यातल्या जोडप्यांनी सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी दोघांनीही करून घ्यावी.

पाळी चुकली की पहिलं काम

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कॅलेंडरवर लिहा. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की अंदाजे तारीख निघते. पाळी १० जूनला आली असेल तर तारीख १७ मार्चच्या आसपास. ही तारीख घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर चालतो: सातवा महिना कुठल्या हंगामात येतो, बाळ थंडीत होणार की चैत्राच्या उन्हात, पावसाळ्यात नाल्याला पूर असताना रस्ता चालू असेल का.

बारा आठवड्यांच्या आत आशाताईकडे किंवा उपकेंद्रात नाव नोंदवा. "तीन महिने कुणाला सांगू नये" ही समजूत पाहुण्यारावळ्यांपुरती ठेवा, नर्सबाईंना सांगायला हरकत नाही. नोंदणी झाली की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. या कार्डाला जमिनीच्या सातबाऱ्याइतकं जपा. पुढच्या सगळ्या तपासण्या, लसी आणि योजनांचे पैसे त्यावरच चालतात.

पैशांचं इथेच सांगून टाकते. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या ग्रामीण बाईला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ७०० रुपये. दोन्हींत अडकतं ते बहुधा एकाच ठिकाणी: आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. नाव आणि खातं पाचव्या महिन्याच्या आत सरळ करून घ्या.

रक्त: सगळ्यात जास्त लक्ष इथे

हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की गरोदरपणात रक्त कमी धरतात, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी शरीर तो सोसत नाही. दुसरीला जेवढ्यानं काही होत नाही, तेवढ्यानं हिचा जीव जातो. बाळंतपणात बायका दगावण्याचं आपल्या देशातलं एक मोठं कारण रक्तस्राव आहे, म्हणून हा भाग लांबवते.

चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, म्हणजे लोह आणि फॉलिक अॅसिडची. ती १८० दिवस बाळंतपणाआधी आणि १८० दिवस नंतर घ्यायची असते. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. बऱ्याच घरांत गोळ्यांची पाकिटं फडताळात तशीच सापडतात, कारण मळमळतं, शौचाला काळं होतं, आणि "गोळीनं बाळ काळं होतं" असं कुणीतरी सांगितलेलं असतं. शौचाचा रंग बदलतो हे खरं, पण त्यात धोका काही नाही. बाळाच्या रंगाचा गोळीशी संबंध नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर झोपताना घ्या.

गोळी घेऊनही रक्त वाढत नाही, याचं कारण पुष्कळदा चहा असतो. चहा लोह शोषू देत नाही. गोळीच्या आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळीही चौथ्या महिन्यापासून दिवसातून दोनदा असते, ती लाल गोळीबरोबर कधीच नाही. सोपी पद्धत अशी: सकाळी आणि दुपारी जेवणाबरोबर कॅल्शियम, रात्री लाल गोळी लिंबू-पाण्याबरोबर. जंताची गोळीही चौथ्या ते सहाव्या महिन्यात एकदा देतात, ती नाकारू नका.

खाण्यात आपल्याकडे काही कमी नाही. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, तांदुळजा, शेवग्याचा पाला, हिवाळ्यात करडईची कोवळी भाजी आणि हरभऱ्याचा घोळाणा, वर लिंबू पिळून. लिंबू महत्त्वाचं, त्यानं पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. शेंगदाणे, जवसाची-तिळाची चटणी, वरण, चालत असेल तर अंडं. अंगणवाडीतून मिळणारा शिधा गरोदर बाईसाठी असतो. तो घरातल्या सगळ्यांत वाटला की तिच्या वाट्याला चमचाभरही उरत नाही.

"जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं" हे सांगणाऱ्यांचं ऐकू नका. अर्धपोटी आईचं बाळ अडीच किलोच्या खाली जन्मतं, आणि असं बाळ वाचवायला कष्ट जास्त पडतात. नऊ महिन्यांत साधारण १० ते १२ किलो वजन वाढायला हवं.

गोळ्या नीट घेऊनही सातव्या महिन्यात रक्त ९-१० च्या खाली असेल तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन मिळतं. ते विचारून घ्या, शेवटच्या महिन्याची वाट बघू नका.

तपासण्या

कमीत कमी चार: बारा आठवड्यांच्या आत एक, मग चौथ्या ते सहाव्या, सातव्या-आठव्या आणि नवव्या महिन्यात एकेक. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टर असतात. प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, लघवी आणि रक्त झालंच पाहिजे. रक्तदाब मोजला नाही तर "मोजा" म्हणायला लाजू नका. १४०/९० किंवा त्यावर गेला की ती जोखमीची बाई. ग्लुकोजचं पाणी पाजून साखर तपासतात, ती पहिल्या भेटीत आणि पुन्हा सहाव्या महिन्यात. धनुर्वाताची टीडी लस दोनदा, महिन्याच्या अंतरानं. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल आधीच बोलून ठेवा. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर ते बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यावं लागतं.

सोनोग्राफी पाचव्या महिन्याच्या आसपास, १८ ते २० आठवड्यांत, चुकवू नका. बाळात व्यंग आहे का ते तेव्हा कळतं. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलांमागे ८०७ मुली होत्या. आज त्याच भागातली घरं मुलासाठी मुली शोधत फिरतात.

ऊन, फवारणी आणि कोयता

शहरातल्या पुस्तकांत हा भाग नसतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो तेव्हा पोटुशीनं अकरा ते चार शेतात राहू नये. लघवी गडद पिवळी आणि कमी होत असेल तर पाणी कमी पडतंय. टँकरच्या दिवसांत घरातल्या दुसऱ्या माणसानं हंडे आणावेत, यात मान-अपमान नाही. कपाशीवर फवारणी चालू असेल त्या रानात तिनं जाऊ नये, आणि फवारणीचे कपडेही तिला धुवायला देऊ नयेत.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं गणित वेगळं असतं. वर दिलेल्या उदाहरणात पाळी जूनची असेल तर सातवा महिना डिसेंबर-जानेवारीत, ऐन गळीत हंगामात येतो. कोयता म्हणजे जोडी, बाई मागं राहिली की अर्धा कोयता, आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. म्हणून हे बोलणं उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, घेतानाच मुकादमाशी झालं पाहिजे. सहाव्या महिन्यानंतर ती तोडणीला येणार नाही असं धरूनच उचल घ्या. एकदा उचल अंगावर बसली की मग कुणी ऐकत नाही. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढणं या दिवसांत अजिबात नको.

जावंच लागलं तर निघण्याआधी आशाताईला सांगा, कार्ड आणि रिपोर्टची झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा, पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्या. कोप्या, म्हणजे तोडणीवरच्या झोपड्या, पडल्या की पहिल्याच आठवड्यात तिथलं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथल्या आशाताईचा नंबर शोधा. कार्ड कुठल्याही जिल्ह्यात चालतं. १०८ ची गाडी सांगली-कोल्हापुरातही येते आणि बेळगावकडेही.

सातवा महिना: दवाखाना आणि माणसं ठरवा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत चांगली. मुलीला आराम मिळतो. पण डोहाळजेवण करून मुलगी माहेरी जाते आणि तिचं कार्ड सासरच्या पेटीतच राहतं, असं फार होतं. माहेरी पोचल्याच्या आठवड्यात तिथल्या नर्सबाईंकडे कार्ड दाखवा.

आता दवाखाना. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन एकच प्रश्न विचारा: रात्री दोनला सिझर करायची वेळ आली तर इथे भूलतज्ज्ञ असतो का? नाही म्हणाले तर पुढे कुठे पाठवतील तेही विचारा. साधं बाळंतपण आरोग्य केंद्रात चांगलं होतं. पण आधीचं सिझर, जुळं, बाळ आडवं किंवा पायाळू, वाढलेला रक्तदाब, रक्त ७ च्या खाली, आईची उंची १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी, यांपैकी काही असेल तर थेट जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय गाठा: संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं विलासराव देशमुख, नांदेडचं शंकरराव चव्हाण. गर्दी असते, जमिनीवर झोपावं लागेल, पण रक्तपेढी आणि नवजात बाळांचा कक्ष एकाच आवारात असतो. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडी हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे.

खाजगीत जायचं ठरलं असेल तर आधीच तोंडी हिशेब घ्या: साधं बाळंतपण किती, सिझर किती, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर कुठे पाठवणार.

मग एका कागदावर हे लिहून भिंतीला लावा: १०२ आणि १०८, गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर, रक्त देऊ शकणारी दोन माणसं, घरी थांबणारं माणूस, बरोबर जाणारी बाई. आणि नवरा गावाबाहेर असेल तर "जायचं" हा शब्द कोण उच्चारणार तेही. सासरे येईपर्यंत थांबलेल्या गाड्या पुष्कळ आहेत.

पिशवी

आठव्या महिन्यात भरा. कार्ड, आधार, पासबुक, सगळे रिपोर्ट. आईला पुढून उघडणारे दोन गाऊन, जुनी धुतलेली सुती लुगडी किंवा पॅड, चप्पल, टॉवेल. बाळाला धुऊन उन्हात वाळवलेली जुन्या सुती धोतराची फडकी, टोपडं, मोजे, दुपटं. नवीन कपडे नंतर. चार्जर. दुधाची बाटली आणि पावडरचा डबा नको.

कधी निघायचं

पोट मधूनच घट्ट होतं आणि झोपलं की थांबतं, त्या खोट्या कळा. खऱ्या कळा ठरावीक वेळानं येतात, जवळजवळ येत जातात आणि चालल्यानं थांबत नाहीत. दवाखाना जवळ असेल तर दर पाच मिनिटांना कळ येऊ लागली की निघा. वाडी-तांड्यावरून तासाचा रस्ता असेल तर दहा मिनिटांवरच निघा, दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर आणखी लवकर.

खालचं काहीही झालं तर कळांची वाट बघायची नाही:

- अंगावरून लाल रक्त जाणं
- पाणमोट फुटून पाणी जाणं, विशेषतः पाणी हिरवट असेल तर
- डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणं, फिट येणं
- बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी होणं
- ताप, किंवा पोटात न थांबणारं दुखणं

हालचाल कमी वाटली तर खाऊन डाव्या कुशीवर पडा आणि लक्ष द्या. तरीही कमी वाटली तर त्याच दिवशी जा, "उद्या बघू" नको.

घरी कुणाला बोलावून कळा वाढवायचं इंजेक्शन टोचून घेऊ नका. त्यानं गर्भपिशवी फाटू शकते.

पहिले दोन दिवस

बाळ रडलं की पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सांगा. तासाभरात दूध. पहिला पिवळा, घट्ट चीक काढून टाकायचा नसतो, बाळाला पाजायचा असतो. "दूधच आलं नाही" असं पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांना वाटतं. बाळाचं पोट तेव्हा एवढंसं असतं, त्याला चमचा-दोन चमचे चीक पुरतो. मध, गूळपाणी, गुटी, काहीही नको. मधानं वर्षाआतल्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. सिझर झालं तरी त्याच दिवशी पाजता येतं, कुणीतरी बाळ धरून ठेवायला हवं एवढंच.

बाळाला बीसीजी, पोलिओ आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस-बी मिळाली का, व्हिटॅमिन-के चं इंजेक्शन दिलं का, विचारा. ४८ तास तरी दवाखान्यात थांबा. जास्त रक्तस्राव बहुधा पहिल्या चोवीस तासांत होतो, आणि घरी पोचलेल्या बाईला तो झाला तर परत यायला वेळ उरत नाही. तासाभरात अख्खा पॅड भिजला तर लगेच नर्सला बोलवा.

बाळंतिणीची खोली

हा भाग घराघरात वादाचा. बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी आणि दारं-खिडक्या बंद, हे थांबवा. बंद खोलीतला धूर आणि निखाऱ्याचा वायू बाळाचा श्वास कोंडतो. शेक हवाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीचा घ्या. बाळंतिणीला पाणी कमी देतात, तेही चूक. दूध तयार व्हायला पाणी लागतं आणि बद्धकोष्ठानं टाक्यांवर ताण येतो. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शेपू, बाळंतशेपा चालू द्या, पण त्याबरोबर वरण, भाजी, भाकरीही पोटभर द्या. आठवडाभर नुसत्या भात-तुपावर ठेवू नका.

ताप, घाण वासाचा स्राव, पोटरीत एकाच बाजूला दुखून सूज, किंवा पुन्हा डोकं दुखून अंधारी आली तर दवाखान्यात न्या. बाळंतीण दोन आठवड्यांनंतरही सारखी रडत असेल, झोपत नसेल, बाळाकडे बघवत नाही म्हणत असेल, तर नजर लागली म्हणून अंगारा लावत बसू नका. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

बाळाचं

नाळेला काही लावायचं नाही: हळद, तेल, राख, शेण, काही नाही. कोरडी ठेवा, पाच ते पंधरा दिवसांत गळून पडते. भोवती लाल झालं किंवा पू आला तर दाखवा. पहिली अंघोळ निदान २४ तास पुढे ढकला, अडीच किलोच्या आतल्या बाळाला नुसतं पुसा. असं बाळ आईच्या छातीला उघड्या अंगानं बांधून ठेवावं, दिवसातून जितका वेळ जमेल तितका. आजी किंवा बापही ते करू शकतो.

मालीश हलक्या हातानं करा. नाका-कानात तेल नको, काजळ नको. बाळाची छाती सुजलेली दिसली तर पिळू नका, ती आपोआप उतरते. मुलीच्या अंगावरून पहिल्या आठवड्यात थोडं रक्त गेलं तर घाबरू नका. पोट फुगलं, कावीळ दिसली म्हणून डाग देणं किंवा बिब्बा लावणं कधीच नको.

दिवसभरात आठ ते बारा वेळा पाजा, रात्रीही. आठवड्याच्या शेवटी बाळ दिवसाला सहा वेळा तरी लघवी करत असेल तर दूध पुरतंय. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत जन्माइतकं परत येतं. सहा महिने फक्त आईचं दूध. मे महिन्यातही वरचं पाणी नको, आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळाला दुपट्यांत गुंडाळू नका. अंग गरम लागलं तर कपडे सैल करा, पाजा, अर्ध्या तासानं काखेत ताप मोजा. ९९.५ फॅरनहाइटच्या वर असेल तर घरी थांबू नका.

कावीळ तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर दिसणं नेहमीचं. पहिल्या चोवीस तासांत दिसली, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तर ताबडतोब दाखवा. कोवळं ऊन हा त्यावरचा उपचार नव्हे. तसंच बाळ पीत नसेल, सुस्त पडलं असेल, अंग गार असेल, मिनिटाला साठपेक्षा जास्त श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा झटके येत असतील, तर जिल्हा रुग्णालयातला नवजात शिशू कक्ष गाठा. वाटेत बाळ आईच्या छातीला लावून न्या.

पाचवी करा, बारसं करा, पण बाळ हातोहात फिरवू नका. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यानं लांबूनच बघावं.

सव्वा महिन्यापर्यंत

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायला हव्यात. आल्या नाहीत तर फोन करा. जन्माची नोंद २१ दिवसांत करून दाखला घ्या.

दीड महिन्याला बाळाची पुढची लस असते. ताप येईल, औषधाचा डोस वजनावर विचारून घ्या. त्याच दिवशी आईनंही तपासून घ्यावं आणि पुढच्या मुलाचं बोलून टाकावं. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहत नाहीत, असं नाही. बाळंतपणानंतर ४८ तासांत तांबी (कॉपर-टी) बसवली नसेल तर आता बसवता येते. तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन किंवा छायाच्या गोळ्या अंगावर पाजणाऱ्या आईला चालतात. माला-एनच्या गर्भनिरोधक गोळ्या तिला सहा महिने नकोत. पुन्हा दिवस राहण्यात दोन वर्षांचं तरी अंतर हवं. आणि दोन मुलांवर थांबायचं ठरलं असेल तर टाका न घालता होणारी नसबंदी नवऱ्याची करा. ती बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी सोपी आहे, माणूस त्याच दिवशी घरी येतो.